दिवाळसणाचं डाळिंबी कॉकटेल

आमच्या घरात दारूची बाटली पहिल्यांदा आली ती माझ्या वडिलांच्या हातून, आणि वडील माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, एकादशीला उपास, वरातीत पिऊन नाचणारी पोरं दिसली तर वाट बदलणारा माणूस. ते अंथुर्ण्याहून बारामतीला गेले आणि व्होडकाची बाटली घेऊन आले, कारण मी आणायला सांगितली होती. मी सांगितली कारण पाडव्याला माझा नवरा दिवाळसणाला येणार होता. जाताना त्यानं मला सोबत न्यावं, एवढं एकच आम्हा तिघांना, मला आणि आई-वडिलांना, हवं होतं.

मी माहेरी आले होते आखाडासाठी. लग्नानंतरचा पहिला आखाड नव्या सुनेनं सासरी काढायचा नाही, ही आमच्याकडची रीत. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच राहायचो, सासू-सासरे त्यांच्या गावी, तरी रीत ती रीत. नवरा स्वतः सोडायला आला, चहा प्यायला, महिन्याभरानं न्यायला येतो म्हणाला. श्रावण लागला तेव्हा फ्लॅटला रंग चालू होता. गौरी-गणपतीत कंपनीचं काम निघालं. नवरात्रात म्हणाला, दिवाळीत बघू. फोन मात्र नियमानं करायचा. माझी तब्येत विचारायचा, आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, डाळिंबाच्या बागेचं विचारायचा. भांडण म्हणाल तर एकही झालं नव्हतं. झालं असतं तर बरं झालं असतं, मिटवायला काहीतरी हाताशी आलं असतं.

गावात बायका विचारायच्याच. "अजून हितंच व्हय गं?" असं म्हणताना आवाजात इतकी काळजी असायची की उचलून एखादीला पाटात टाकावंसं वाटायचं. आई सगळ्यांना सांगायची, फ्लॅटला रंग देत्यात. चार महिने रंग. त्या रंगात अख्खं अंथुर्णे रंगवून झालं असतं.

माझं डोकं एकाच गोष्टीभोवती फिरत होतं. लग्नानंतर लगेचच त्याच्या ऑफिसच्या लोकांची एक पार्टी झाली होती. सगळ्यांच्या बायकांच्या हातात रंगीत पेयांचे ग्लास, त्यात फळांच्या फोडी, कडेला साखर. माझ्या हातात मोसंबीचा ज्यूस, तोही मी मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असा मागितलेला. परत येताना गाडीत तो म्हणाला, "थोडी कंपनी दिली असती तर काय झालं असतं?" चिडून नाही, सहज. पण माहेरी आल्यावर एकेक दिवस रिकामा जायला लागला तसं हे वाक्य मोठं होत गेलं. वाटायला लागलं, एवढंच तर आहे. आपण गावंढळ पडलो. शिकता येण्यासारखी गोष्ट आहे ही, पोहण्यासारखी.

मग मी मोबाईलवर व्हिडिओ बघायला लागले. सणासुदीचं फळांचं कॉकटेल, घरच्या घरी. त्यातल्या बाईच्या स्वयंपाकघरात आमच्या गोठ्याएवढा ओटा होता. ती ज्या लाल आंबट फळांचा रस घालत होती ती आमच्याकडं कुणी पाहिलीही नव्हती. पण रंग अगदी डाळिंबाचा, आणि डाळिंब तर दारात. पेरू शेजारच्या बागेतला. मोसंबी बाजारातली, पुदिना मोरीच्या पाण्यावर वाढलेला. फक्त एका वस्तूसाठी माणूस पाठवायला लागणार होता, आणि घरात माणूस म्हणजे आबाच.

आईला आधी सांगितलं. ती भाजणी भाजता भाजता थांबली आणि म्हणाली, "त्यांना मी न्हाय सांगायची. तूच सांग." मी सांगितलं. आबा पायाच्या अंगठ्याकडं बघत म्हणाले, "पाव्हणं घेत्यात?" मी म्हटलं, कधीतरी, सणावाराला. ते म्हणाले, "मग त्यांच्या सणाला त्यांचं झालं पायजे."

इंदापुरात त्यांना बाजारातला प्रत्येक माणूस ओळखतो, म्हणून ते बारामतीला गेले. दुकानात काय झालं ते त्यांनी फक्त आईला सांगितलं, आणि आईनं हसू दाबत मला. त्यांनी दुकानदाराला सांगितलं, पांढरी द्या, वासाची नको. त्यानं विचारलं, कुठला फ्लेवर? तर म्हणाले, "पोरीच्या संसारासाठी पायजे, तुमीच बघून द्या." दुकानदारानं हिरव्या सफरचंदाची दिली. बाटली शेतीच्या औषधांच्या पिशवीतून आली आणि औषधांच्याच खोलीत, फवारणीच्या डब्यांमागं उभी राहिली. देवघराच्या भिंतीला लागून नको, एवढीच आईची अट होती.

पाडव्याच्या दिवशी तो सकाळीच आला. भाड्याच्या गाडीनं, ड्रायव्हर घेऊन. स्वतःची गाडी असताना भाड्याची का, यावर आईनं आत भाकरी थापता थापता विचार केला आणि मला येऊन म्हणाली, "सामान न्यायचं असंल. जाताना दोघं मागं बसून निवांत जाल." मलाही ते पटलं. पटवून घ्यायचं म्हटलं की काहीही पटतं.

मी त्याला ओवाळलं. त्यानं ताटात साडी ठेवली, आमसुली रंगाची, आणि ती खरंच सुंदर होती. त्यानं स्वतः निवडली असेल का, हे मी दिवसभर स्वतःला विचारत होते. जेवण झालं. पुरणपोळी, कटाची आमटी, कुरडया. त्यानं दोनच पोळ्या खाल्ल्या. बारीक झाला होता, चेहऱ्यावर तेज आलं होतं. मी मनात म्हटलं, माझ्याविना बारीक झाला. आतून गोडही वाटलं.

दुपार कलल्यावर मी कामाला लागले. डाळिंबाचे दाणे फडक्यात बांधून पिळले, कारण मिक्सरमध्ये बिया चुरतात आणि रस कडवट होतो. पेरूच्या फोडी केल्या. बर्फ वाट्यांमध्ये लावलेला होता, वाट्यांच्याच आकाराचे खडे निघाले. लग्नाच्या आहेरात आलेले काचेचे ग्लास खोक्यातून पहिल्यांदाच बाहेर काढले, कडेला मोसंबी फिरवून साखर लावली. व्हिडिओतल्या बाईकडं हलवायला चकचकीत भांडं होतं. मी फिरकीच्या झाकणाचा स्टीलचा डबा घेतला, ज्यातून शाळेत असताना ताक न्यायचे. रस, मोसंबी, पुदिना, बर्फ, बाटलीतली दोन टोपणं, मग हात आखडला आणि मग आणखी एक. डबा खूप हलवला. आणि झाकण गारठून घट्ट बसलं.

मी ओढलं, आईनं ओढलं. शेवटी आबा आले. त्यांनी डबा छातीशी धरला, माळेला चिकटून, आणि डोळे मिटून जोर लावला. झाकण निघालं, थोडं सदऱ्यावर सांडलं. त्यांनी सदरा बदलला, हात धुतले आणि देवाला नमस्कार करून बाहेर आले. मला त्या क्षणी इतकी लाज वाटली की सगळं मोरीत ओतून द्यावं. पण रंग बघितला आणि ओतवेना. गर्द लाल, वर पुदिन्याचं पान, कडेला साखर. त्या पार्टीतल्या ग्लासांपेक्षा देखणं झालं होतं.

पडवीत तो खाटेवर बसला होता. मी दोन ग्लास ठेवले, एक त्याच्यापुढं, एक माझ्यापुढं. माझ्यापुढंही ठेवला हे त्यानं पाहावं म्हणून जरा आवाज करूनच ठेवला.

"हे काय?" तो म्हणाला.

"कॉकटेल. घरच्या डाळिंबाचं."

तो हसला, छान हसला. मग म्हणाला, "नको अगं, मी नाही घेत."

आबा उंबऱ्यात उभे होते. आता आमच्याकडं 'नको' या शब्दाला काही किंमत नाही. पाहुणा पोळीला नको म्हणाला की तिच्यावर तूप पडतं, ताटावर हात आडवा धरला की बोटांच्या फटीतून आमटी वाढतात. पहिल्याच खेपेला हो म्हणणारा माणूस हावरट, आणि पहिल्या नकोवर थांबणारा यजमान कद्रू. आबांनी जन्मभर असंच वाढलं होतं. ते पुढं आले. "घ्या जावईबापू. माझा संकोच करू नका."

"नाही आबा, खरंच नको."

"सणाचा दिस हाय. पोरीनं सकाळधरनं खटपट केलीया. माझी आण हाय तुमाला, एक गिलास घ्या."

गळ्यात माळ घातलेला माणूस जावयाला दारू घ्या म्हणून शपथ घालत होता. तो नको म्हणत होता, आबा घ्या म्हणत होते, आणि दोघांच्याही आवाजात मान होता. चार-पाचदा झालं. मग आबांना वाटलं, सासऱ्यासमोर प्यायला बिचारा लाजतो. त्यांनी आईला हाक मारली, म्हणाले, चल गं, बागेत चक्कर मारून येऊ. तिनं जाताना मागं वळून माझ्याकडं पाहिलं. एवढी आशा मी तिच्या तोंडावर माझ्या लग्नातही पाहिली नव्हती.

ते गेल्यावर तो म्हणाला, "मी सोडली."

"काय सोडली?"

"दारू. तू इकडं आलीस त्या महिन्यात."

मी म्हटलं, चांगलं झालं. म्हटलं, आधी सांगितलं असतं तर हा उपद्व्याप केला नसता. तेव्हाही मी बर्फ वितळतोय याचीच काळजी करत होते.

"तुला माहीत नाही," तो म्हणाला, "पण लग्नानंतर मी रोज घ्यायचो. ऑफिसातून निघाल्यावर, घरी यायच्या आधी. त्याशिवाय वर यायला पाय उचलायचे नाहीत. तुझं काही चुकलं नाही. तू चांगली आहेस. तू आखाडाला आलीस आणि एक दिवस लक्षात आलं की आठवडाभर घेतलीच नाही. आता झोप लागते. सकाळी पळायला जातो. मी बरा आहे आता."

दुसरी कुणी आहे का, असं मी विचारलं. असती तर तिला चार शिव्या घालता आल्या असत्या. तो नाही म्हणाला, आणि तो खोटं बोलत नाही. मग मांडीवरचे हात एकमेकांत गुंतवत म्हणाला, "किती महिने नको म्हणतोय मी. तुम्ही कुणी ऐकतच नाही. मी तुला नाही नेऊ शकत गं."

फ्लॅटचा रंग, कंपनीचं काम, दिवाळीत बघू, हे सगळे त्याचे 'नको'च होते. आम्ही तिघं त्यांच्यावर तूप वाढत गेलो. मला राग आला, आणि कुणावर काढावा ते कळेना. जो माणूस माझ्यापासून दूर गेल्यावर बरा होतो, त्याला परत आजारी हो असं कसं म्हणायचं?

तो हात धुवायला मागच्या दारी गेला. दोन्ही ग्लास भरलेले होते. आमच्या मोरीत देवाची भांडी घासतात, तिथं ओतायचं मन होईना. अंगणात ओतावं तर बाहेर ड्रायव्हर फराळ खात बसलेला. म्हणून मी ते प्यायले. आधी माझा, मग त्याचा. आयुष्यातला माझा पहिला घोट. घशात जाळ झाला, पण चव चांगली होती. डाळिंब आमचं गोडच असतं.

आबा बागेतून आले ते पडवीबाहेरूनच खाकरत आले, आत चाललेलं आवरायला वेळ मिळावा म्हणून. आत आल्यावर त्यांची नजर सरळ ग्लासांवर गेली. दोन्ही रिकामे. त्यांचा चेहरा उजळला. "घेतली!" ते आईला म्हणाले, दबक्या आवाजात, पण मला ऐकू आलं. "मान राखला बघ माझा. भर डबे."

मी सांगायला हवं होतं. पण दोन ग्लासांनी जीभ जड झाली होती. आईनं चकली, अनारसे, शेव, चिवडा भरला. दोघांना पुरेल एवढा. आबांनी स्वतः डाळिंबांची पेटी उचलून गाडीजवळ नेली. मग माझ्या खोलीत गेले. आखाडाला आणलेली माझी बॅग कपाटावर होती, ती काढून आईनं सकाळीच भरून ठेवली होती, हे मला तेव्हा कळलं. ड्रायव्हरनं डिकी उघडली. आबांनी बॅग नीट आडवी ठेवली, वर साडीची पिशवी ठेवली, चुरगळू नये म्हणून.

नवरा गाडीच्या दाराला हात लावून उभा होता. तो माझ्याकडं बघत होता. 'नको' म्हणून म्हणून दमलेला माणूस आणखी एकदा कसं म्हणणार? आता ते मलाच करायला लागणार होतं.

मी पुढं झाले, साडीची पिशवी बाजूला केली आणि डिकीतून बॅग बाहेर ओढली.

"अगं र्‍हाऊ दे की," आबा म्हणाले. "ती तुझीच हाय."

"माझीच आहे, आबा," मी म्हटलं, आणि बॅग घेऊन घरात गेले.