अंगातलं वारं

पनवेलमध्ये मेंदूचा डॉक्टर म्हणून बसायचं असेल तर आधी दोन क्रियापदं नीट शिकून घ्यावीत, येणं आणि जाणं. मी सांगलीकडची. आमच्याकडे वारं 'जातं'. अंगावरून वारं गेलं म्हणजे अर्धं अंग लुळं पडलं, तोंड वाकडं झालं, माणूस अंथरुणाला खिळला. इथल्या आगरी गावांत वारं 'येतं'. वारं आलं म्हणजे देवी अंगात आली. गेलं की लोक रडतात आणि आलं की पाया पडतात. हे मला मेडिकल कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. मी ज्या बाईबद्दल सांगते आहे तिला माझ्याआधी तपासणाऱ्या डॉक्टरलाही ते कुणी शिकवलेलं नव्हतं.

तिला तिचा भाऊ घेऊन आला होता. तो न्हावा शेव्याच्या बंदरावर ट्रेलर चालवायचा. बहीण चाळिशीची, करंजाड्याच्या पलीकडच्या एका गावात दिलेली. आता त्या गावाच्या चारी बाजूंनी टॉवर उठलेत आणि गावात रंगीत फरशा लावलेले बंगले झालेत, पण सुनेने पहाटे उठायचं आणि सगळ्यांच्या शेवटी जेवायचं, एवढं मात्र कुणी पाडून नवीन बांधलेलं नाही. बाई खुर्चीच्या कडेला टेकून बसली होती. मी 'नीट बसा' म्हटलं तर आणखीच पुढे सरकली.

आधीच्या डॉक्टरला घरच्यांनी सांगितलं होतं, 'हिला वारं येतं.' त्या शहाण्याने पुढे एक प्रश्न विचारला नाही. लकव्याची औषधं सुरू केली, रक्त पातळ करायची गोळी आणि उजव्या हाताला मालिश. वर्षभर ही बाई आपल्या धडधाकट हाताला तेल चोळून घेत होती. मला आधी हसू आलं आणि मग डोकं फिरलं. पेशंट काय बोलतो ते ऐकायला कुठलं मशीन लागत नाही. पण आमच्या धंद्यात तेवढं सोडून बाकी सगळं करायला वेळ असतो.

"वारं येतं म्हणजे नक्की काय होतं?" मी भावाला विचारलं.

"माज्या घरी आलेली, भाकऱ्या करत होती," तो म्हणाला. "मदीच थांबली. हाक मारली तं बगे नाय. उजवा हात असा वाकडा वर, नि डाव्या हातान पदर चोलते. तोंड हालवते, पान खाल्ल्यावानी. मंग तो हात तव्यावर पडला. कातडी भाजली म्याडम, तरी हिला कललं नाय. देवी आली तं हात कशाला भाजल?"

त्याने तिचा हात पुढे केला. मनगटाच्या वर भाजल्याचा डाग होता. एवढं बघून कुठल्याही मेंदूच्या डॉक्टरने ओळखलं असतं. ही आकडी होती. सगळं अंग झटके देणारी नव्हे, मेंदूच्या एका कोपऱ्यातून उठणारी, माणसाला जागच्या जागी गोठवणारी. एमआरआयमध्ये तो कोपरा सापडलाच. डाव्या कानशिलाच्या आत, बोलण्याच्या केंद्राला खेटून एक गाठ होती. हळू वाढणाऱ्या जातीची. आत्ता काढली तर बाई ठणठणीत, आणि थांबलं तर गाठ आधी बोलणं खाणार आणि मग तिला. मी भावाला चित्र दाखवून हे सगळं सांगितलं. बाईलाही सांगितलं. ती नुसती चित्राकडे बघत राहिली.

पुढच्या वेळी नवरा आणि सासू आली. सासू माझ्यावर मुळीच रागावली नव्हती, उलट तिला माझी कीव येत होती.

"बाय, तू शिकलेली हायस, पन तुला यातलं कलनार नाय," ती म्हणाली. "आमच्या घरान देवी येते. येऊन गेल्यावर ती बोलते."

"काय बोलते?"

"ते सगल्यांना कलत नाय. मला कलतं."

हे मात्र मला लगेच कळलं. गाठ बोलण्याच्या केंद्राजवळ, त्यामुळे आकडी ओसरल्यावर बराच वेळ शब्दांची खिचडी होते. अर्धे शब्द, उलटे शब्द, नसलेले शब्द. सून असं काहीबाही बरळायची आणि सासू शेजारी बसून त्याचा अर्थ सांगायची. खालचा मजला भाड्याने द्यायचा की नाही, धाकट्या सुनेने मॉलमधली नोकरी धरायची की नाही, सगळं देवी ठरवायची आणि देवी नेहमी सासूच्याच मताची निघायची. नोकरीला तर देवीने साफ नाही म्हटलं होतं. नवरा मान डोलवत बसला होता. मी त्याला गाठीबद्दल सांगितलं तेव्हाही त्याने तशीच मान डोलवली.

भाऊ हट्टाला पेटला म्हणून गोळ्या तरी सुरू झाल्या. ऑपरेशनआधी आकडी आटोक्यात आणायची होती आणि ती आटोक्यात आली. औषध लागू पडलं की डॉक्टरला जो आनंद होतो तो मला झाला. मी खूश होते आणि मला वाटत होतं की तीही खूश असेल.

मग एक दिवस ती एकटीच आली. सहा आसनी रिक्षातून, कुणाला न सांगता. तेव्हा मी तिचा आवाज पहिल्यांदा नीट ऐकला.

"गोल्या बंद केल्या मी," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं? सासूने?"

"कोन सांगनार? मीच केल्या." तिने खाली बघितलं. "म्याडम, लगीन होऊन आली तवापासून त्या घरान मला कोन बस बोलला नाय. वारं यायला लागलं नि सासू पाया पडली. माजी सासू! नवरा पन पडतो. मला काय आठवत नाय, पन मागून पोरं सांगतात. वारं येऊन गेलं का त्या दिवशी मला कामाला हात लावू देत नाय कोन. चा आनून देतात हातान."

"आणि गोळ्या घेतल्यावर?"

"वारं बंद झालं. सासू बोलली, ऊठ, भांडी पडल्यात."

मी तिच्यावर ओरडले. हो, ओरडले. ती गाठ आहे, ती वाढते आहे, तुझा जीव जाईल, त्या चहाच्या कपापायी जाईल, असं म्हणाले. ती शांतपणे ऐकत होती. अशी बोलणी तिने रोज ऐकलेली, त्यात माझी थोडी शुद्ध भाषेतली होती इतकंच.

"जाईल तवा जाईल," ती म्हणाली.

यावर काय औषध लिहून द्यायचं? माझ्याकडे सहा प्रकारच्या गोळ्या आहेत, वर सर्जन आहेत. 'बस' म्हणणाऱ्या माणसाची चिठ्ठी मी कुठल्या दुकानात पाठवू? मी तिच्या भावाला फोन केला. तो धावत आला, तिच्यासमोर रडला, आणि तिने त्याच्या तोंडाकडे बघून 'दादा बोलतो तं करते' म्हणत होकार दिला. ऑपरेशनची तारीख ठरली. गोळ्या परत सुरू करते असंही ती म्हणाली. घेतल्या की नाही, ते तिलाच ठाऊक.

तारखेआधीच्या मंगळवारी दुपारी माझ्यासमोर खांदा कॉलनीतले एक गृहस्थ बसले होते. बँकेत मोठ्या हुद्द्यावर. त्यांच्या मुलीला आकडी यायची आणि तिच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. "डॉक्टर, फाइलवर ते फिट वगैरे लिहू नका. चक्कर लिहा," असं ते अगदी सुसंस्कृत आवाजात सांगत होते. आगऱ्यांना अडाणी म्हणणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहून ठेवते. त्या गावात निदान आकडीला हळदकुंकू तरी वाहतात. आमच्या सोसायट्यांमध्ये तिला कपाटात कोंडतात आणि वरून मुलीचं लग्न लावतात.

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. भावाचा फोन होता. बंदराच्या गेटवर ट्रेलरच्या रांगेत तो अडकला होता, मागे गाडी, पुढे गाडी, बाहेर पडायला वाट नाही. "म्याडम, व्हिडिओ पाठवलाय, बगा पटकन," एवढंच तो बोलू शकला. गावातल्या कुणीतरी तो ग्रुपवर टाकला होता.

व्हिडिओत त्या बंगल्याचा हॉल होता. बाई पाटाशेजारी आडवी, कोपऱ्यातली आकडी आता सगळ्या मेंदूत पसरली होती, सगळं अंग झटके देत होतं. कपाळभर कुंकू, तोंडाला फेस, आणि ओठ निळे. बायका रांगेत एकेक करून पुढे येऊन पायावर डोकं ठेवत होत्या. धाकटी सून आरती धरून उभी होती. मागून कौतुकाचा आवाज आला, "आज लय वेल थांबली हाय देवी." व्हिडिओ ग्रुपवर पडून बराच वेळ झाला होता आणि ती त्याच्याही आधीपासून तशीच होती.

झटके थांबत नाहीत तेव्हा मेंदू जळतो. याहून साधं मला सांगता येत नाही. प्रत्येक क्षण मोजून जळतो. मी ॲम्ब्युलन्स पाठवली, नवऱ्याला फोन केला, पाया पडते म्हणाले, पोलिसांची भीती घातली. ॲम्ब्युलन्स दारात जाऊन उभी राहिली. सासू उंबऱ्यात आडवी आली. देवी उठल्याशिवाय कुणी अंगाला हात लावायचा नाही, मधेच उठवली तर घरावर कोप होईल. तिला वाईट काही करायचं नव्हतं हो! हेच जास्त झोंबतं. ती मनापासून घर वाचवत होती. शेवटी बाईचं हलणंच थांबलं, रांगेतल्या बायका 'देवी गेली' म्हणाल्या आणि मग तिला उचलू दिलं.

ती वाचली. कितीतरी दिवस कृत्रिम श्वासावर होती, पण वाचली. नंतर आमच्या सर्जननी ती गाठ अशी काढली की मागे कण उरला नाही. डॉक्टरांच्या एका बैठकीत त्यांनी आधीचा आणि नंतरचा एमआरआय शेजारी शेजारी दाखवला तेव्हा टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. कुणीतरी टाक्यांबद्दल विचारलं, कुणी औषधाचा डोस विचारला. ती आता बोलते का, हे त्या हॉलमध्ये कुणाला सुचलं नाही. जेवणात बासुंदी होती.

ती जवळजवळ बोलत नव्हती. उजवा हात लुळा पडलेला, तोंडात मोजके शब्द, तेही ओढून काढावे लागायचे. आता आमच्या सांगलीच्या भाषेत तिच्यावरून वारं गेलं होतं आणि त्यांच्या भाषेतही. आकडी मात्र एकदाही आली नाही. कागदावर ती बरी झाली आहे.

परवा नवरा आणि सासू तिला तपासायला घेऊन आले. सासूने तिला दंडाला धरून आत आणलं आणि खुर्चीवर ढकललं. "बस सरल," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, चेहरा उजळून बोलली, "बाय, आता धाकटीला येतं."

"काय येतं?"

"वारं. दिवालीपासून. आमचं घर सोडलं नाय देवीनं."

मी म्हटलं, तिला घेऊन या, एकदा बघू दे. सासू हसली. "तिला कशाला? ती बरी हाय. नोकरीला जाते. देवीनंच सांगितलं, जा म्हनून."

त्या धाकटीच्या डोक्यात गाठ नसणार याची मला खात्री आहे. ती फक्त हुशार आहे. थोरलीला जे मेंदू जाळून मिळालं, ते तिने आरती धरून बघितलं आणि बरोबर उचललं.

"हिला पन रोज तिच्या पाया पडायला लावते," सासू म्हणाली. "गुन येल."

मी बाईसमोर खुर्ची ओढून बसले आणि तिला विचारलं, कशी आहेस, काही दुखतं का, काही हवंय का? नवरा तिच्या वतीने उत्तर द्यायला लागला तेव्हा त्याला गप्प केलं. तिने डाव्या हाताने माझी बाही धरली. तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. मानेच्या शिरा ताणल्या गेल्या. सासू चुळबुळ करायला लागली, पण मी बसून राहिले.

"माजं," ती म्हणाली. बराच वेळ गेला. "माजं वारं. दे."

"गरम होतं तिला," नवरा म्हणाला, आणि उठून त्याने पंखा मोठा केला.