इराचा बेकरीवाला बाप

माझ्या मुलीला दुसरा बाप हवा होता, आणि तिने तो निवडलाही होता.

तो एका जपानी कार्टूनमध्ये राहतो. बेकरी चालवतो. पांढरी टोपी, पांढऱ्या मिशा आणि स्वभाव इतका गोड, की बघणाऱ्याला मधुमेह व्हावा. कुणी रडलं की हा लगेच गरमागरम पाव भाजून देतो, तोही फुकट! कधी ओरडत नाही, कधी 'थांब, कॉलवर आहे' म्हणत नाही. (ज्याला क्लायंटच नाहीत, त्याला शांत राहायला काय जातं?)

"बाबा, यू कॅन मेक बन ऑर नॉट?" सहा पूर्ण व्हायला आठवडा उरला असताना इराने तिच्या अस्सल सिंगापुरी इंग्रजीत विचारलं.

"मी पॉवरपॉइंट करतो, राणी."

"पॉवरपॉइंट कॅनॉट ईट, लाह!"

स्वयंपाकघरातून मंजिरीचं, म्हणजे माझ्या बायकोचं, हसू ऐकू आलं. ते मला लागलं. मी जाहीर केलं, की वाढदिवसाचे बन मी स्वतः भाजणार, आणि तेही बेकरीवाल्याच्या वेशात!

"निखिल, आपला ओव्हन कुठून चालू होतो, माहीत आहे का तुला?"

मोठी माणसं असल्या किरकोळ प्रश्नांत अडकत नाहीत.

वाढदिवसाला रजा टाकली. तीन व्हिडिओ पाहिले, पीठ मळलं आणि यीस्ट घातलं उकळत्या पाण्यात. यीस्टने जागीच प्राण सोडले. यथावकाश ओव्हनमधून तीस बन बाहेर आले. त्यातला एक हातातून निसटून फरशीवर पडला, तर खालच्या मजल्यावरून कुणीतरी छताला झाडू ठोकला!

"पेपरवेट म्हणून छान आहेत," मंजिरी म्हणाली. "ऑफिसात वाट."

पार्टीला तास उरला होता. टोपी, एप्रन आणि कापसाच्या मिशांसकट मी पासिर रिसच्या एमआरटी स्टेशनजवळच्या बेकरीत धावलो, गोड सारणाचे तीस मऊ बन घेतले, घरून नेलेल्या ट्रेमध्ये रचले, पिशवी कचऱ्यात टाकली (पुरावा नष्ट!) आणि साळसूदपणे परतलो.

आमच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत चौथ्या मजल्यावरच्या आंटी भेटल्या.

"वा, अंकल! न्यू शॉप आह? सॅम्पल?"

संस्कार आड आले. मी एक दिला. त्यांनी मैत्रिणीला हाक मारली, मैत्रिणीने आणखी दोघींना. आणि इथे रांग दिसली, की माणूस आधी तिच्यात उभा राहतो आणि मग कशाची आहे ते विचारतो. दोन मिनिटांत रांग लिफ्टपर्यंत!

"नो, नो! बर्थडे!" मी ओरडलो.

"हॅपी बर्थडे, अंकल!" म्हणत रांगेने हात पुढे केले. एका आजोबांनी तर बायकोसाठी आणखी एक मागून घेतला.

शेवटचा बन गेला आणि लिफ्टचं दार उघडलं. आत मला शोधायला निघालेली मंजिरी, इरा आणि लवकर आलेल्या इराच्या मैत्रिणी.

"मम्मी, लुक! बाबा गिव्ह एव्हरीबडी फ्री बन! सेम लाइक कार्टून!"

आयुष्यात पहिल्यांदाच मी त्या जपान्याच्या पुढे गेलो होतो. माझी छाती फुगली. (पीठ फुगलं नव्हतं, निदान काहीतरी फुगायला हवंच होतं.)

"सो सॉफ्ट, हॉर!" आंटी तोंड पुसत म्हणाल्या. "सेम लाइक एमआरटी बेकरी."

मंजिरीने फक्त एक भुवई उचलली.

"बाबा, माय बन?" इराने हात पसरला.

घरी पेपरवेटच उरले होते. मंजिरीने ते वाफवले, वर तूप ओतलं. इराने बापावरच्या पूर्ण विश्वासाने चावा घेतला. कट्! इराने तोंडात बोटं घातली आणि महिनाभर नुसता हलत असलेला खालचा दात बाहेर काढला.

"इट केम आउट!" ती आनंदाने किंचाळली. तिच्या मैत्रिणी आपापले हलते दात चाचपत बनांवर तुटून पडल्या.

सोमवारी शाळेत बाईंनी प्रत्येकीला विचारलं, वडील काय करतात. इराने अभिमानाने सांगितलं, "माय बाबा टेक आउट टीथ!" संध्याकाळी शाळेचा नम्र निरोप आला: मुलांचे दात तपासायला डॉक्टरसाहेब एकदा येऊ शकतील का?

उरलेले बन मी जपून ठेवले आहेत. अवजारं लागतीलच.