उष्णतेची हमाली

बर्फाच्या कारखान्यात यंत्र सांभाळणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली थंडोबा म्हणायची. त्यात धंद्याचा वाटा कमी आणि स्वभावाचा जास्त होता. आग लागली तर हा आधी चष्मा पुसेल आणि मग कुठे लागली ते विचारेल, असं त्याची बायको सांगे. तरुणपणी यंत्राचा पट्टा बदलायला म्हणून तो कारखान्यात आला आणि तिथेच राहिला. यंत्राची घरघर त्याला इतकी सवयीची झाली, की सुट्टीच्या दिवशी घरातली शांतता बाधायची. आपण थंडी बनवतो याचा त्याला अभिमान होता. बिस्किटं बनवणारे पुष्कळ असतात, खुर्च्या बनवणारेही असतात; थंडी बनवणारे किती?

हा अभिमान एका जेवणात उतरला. निमित्त झालं शेजारच्या लाँड्रीचं. कारखान्याच्या मागच्या भिंतीतला पंखा गरम वारा बाहेर फेकायचा, तो बोळ ओलांडून थेट लाँड्रीवाल्या बाईंच्या इस्त्रीच्या टेबलापाशी पोचायचा. बाईंनी उन्हाळाभर सोसलं. मग कारखान्याच्या मालकाला गाठून बजावलं, "एकतर हा फुफाटा बंद करा, नाहीतर मी पालिकेत जाते."

मालक म्हातारा झाला होता आणि त्याच्या मुलांना बर्फात रस नव्हता. तो थंडोबाला म्हणाला, "महिनाअखेरपर्यंत तू मिटव बाबा. नाही मिटलं तर यंत्र भंगारात काढतो. माझ्याच्यानं आता पालिकेच्या पायऱ्या चढवत नाहीत."

रविवारी मेहुणा जेवायला आला. तो शाळेत विज्ञान शिकवायचा आणि शाळा सुटली तरी थांबायचा नाही.

"दाजी, मुळात थंडी असं काही नसतंच," घास घेता घेता तो म्हणाला.

"मग मी इतकी वर्षं काय बनवतोय?"

"काहीच नाही. तुम्ही पाण्यातली उष्णता काढता आणि भिंतीपलीकडे नेऊन टाकता. उष्णता आपण होऊन गरमाकडून गाराकडे जाते, उतारावरच्या पाण्यासारखी. तुम्हाला ती उलटी, चढावर न्यायची असते. त्याची हमाली पडते. ती वीज भरते."

"म्हणजे मी हमाल."

"मुकादम म्हणा हवं तर. आणि वीज खर्च झाली असं आपण म्हणतो, पण ऊर्जा कधी संपत नाही, नुसते कपडे बदलते. तीही शेवटी उष्णता होऊन पलीकडेच जाते. पाण्यातली एक आणि विजेची एक, बाईंच्या वाट्याला दोन्ही."

"वाढ गं याला," थंडोबा बायकोला म्हणाला. ते तोंड बंद करायचा तेवढाच मार्ग त्याला सुचला.

सोमवारपासून त्याने उष्णतेशी झटापट मांडली. पंख्यापुढे पत्रा उभा केला, तर वारा परत आत आला, नळ्या तापल्या आणि संध्याकाळी साच्यांतून बर्फाऐवजी गार पाणी निघालं. ओली पोती टांगली, तर बोळात वाफारा कोंडला. "आता शिजवताय का मला?" बाईंनी खिडकीतून विचारलं. पंखाच बंद ठेवला, तर यंत्र धापा टाकून थांबलं. घरातल्या कटकटीसारखी गत: या खोलीतून घालवावी, तर त्या खोलीत हजर. मेहुणा खरं बोलला होता, हे त्याला उकाड्यापेक्षा जास्त सलत होतं.

महिना संपत आला तसं आभाळ भरून आलं आणि भरलेलंच राहिलं. ना पाऊस, ना ऊन. डोक्यावर बर्फ आणि तोंडात साखर ठेवून थंडोबा शेवटची विनवणी करायला लाँड्रीत गेला. पुढच्या खोलीत हॉस्पिटलच्या चादरी ओल्याच लोंबत होत्या. बाई दिसेनात, म्हणून तो मागच्या बोळात डोकावला. बाई पंख्यासमोर उभ्या होत्या. दोन्ही हातांत उशीचा अभ्रा ताणून धरलेला, डोळे मिटलेले.

तो खाकरला.

"किती त्रास होतो ते बघायला आले होते," अभ्रा न सोडता बाई म्हणाल्या.

"किती होतोय?"

"एक सुकला. हा दुसरा." मग त्यांचा आवाज उतरला. "चादरी सुकायचं नाव घेत नाहीत हो. उद्या पोचल्या नाहीत, तर हॉस्पिटल दुसरी लाँड्री बघणार आहे."

थंडोबाने जन्मात केली नव्हती इतकी घाई केली. पत्रे वाकवून पंख्यापासून लाँड्रीच्या मागच्या खोलीपर्यंत नळकांडं नेलं. दोऱ्या बांधून चादरी तिथे हलवायला बाई, सांध्यांवर चिंध्या गुंडाळायला बायको आणि सूचना द्यायला मेहुणा. त्याच्या सूचनांपैकी एक कामाची निघाली: वरची खिडकी उघडी ठेवा, ओली हवा जाऊ द्या. वारा वळला आणि चादरी एकामागून एक फुगायला लागल्या.

बाईंनी खिडकीपाशी हात धरून पाहिला. "अर्धी ऊब इथूनच चालली की!"

"जाणारच," मेहुणा म्हणाला. "सगळी कधीच कामाला लागत नाही. थोडी पसरतेच."

"पसरू दे. आणि अहो थंडोबा, उन्हाळ्यात हे नळकांडं छपराकडे वळवायचं. आत्ताच कबूल करा."

"कबूल."

"मग इथे उभे काय राहिलात? यंत्र चालू ठेवा. अजून निम्म्या चादरी ओल्या आहेत."

जे हात जोडून मागायचं त्याने ठरवलं होतं, ते त्याला दटावून मिळालं. तो कारखान्यात परतला, मालकाला निरोप धाडला आणि रिकाम्या साच्यांत ताजं पाणी सोडलं. एवढ्या बर्फाला त्या दिवशी गिऱ्हाईक नव्हतं, पण चादरी होत्या.