धनी येईपर्यंत

बेचाळीसच्या भाद्रपदात रहिमतपूरच्या चर्चमध्ये पोलिसांना सापडलेले पत्रकांचे गठ्ठे माझे होते. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

ज्यांनी ते आपले म्हणून सांगितले, ते तिथले पाद्री. हा शब्द मात्र त्यांना चालायचा नाही. मी गावच्या शाळेत मास्तर, मला ते दुरुस्त करायचे. "गुरुजी, पाद्री म्हनू नगा. तो फिरंग्यांचा शबूद, त्याचा अर्थ बाप. बाप वर हाय. मी पाळक. मेंढरं पाळतो त्यो पाळक." माणूस आटपाडीकडच्या धनगराच्या घरात जन्मलेला, शब्दाचा अर्थ पुस्तकातून शिकला नव्हता.

रविवारी ते चर्चच्या दारात उभे राहायचे आणि आत शिरणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवायचे. मेंढरं जाळीच्या कुंपणात घेताना तोंडाशी बसून एकेकाच्या पाठीला हात लावत मोजणारा धनगर तुम्ही पाहिला असेल, तर हा हात ओळखाल. माझ्यासारखा हिंदू मास्तर नुसती पेटी ऐकायला गेला तरी तो पाठीवर पडायचाच. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, मी काही तुमच्या कळपातला नव्हे.

"नसा की. परकं मेंढरू कळपात शिरलं तर कुनी हाकलतंय व्हय? धनी येईपतुर राखायचं."

गाव त्यांना साहेबाचा माणूस समजायचं. मीही समजायचो. म्हणूनच पत्रकं तिथं, पेटीमागं लपवली. पोलीस तिकडं फिरकणार नाहीत असा हिशेब. ते फिरकले. बातमी कळताच मीही धावलो आणि गर्दीत मागं उभा राहिलो.

कुणाची, म्हणून फौजदारानं दरडावलं. पाळकांनी वरचा कागद उचलून निरखला. अक्षर माझं होतं, आणि त्यांच्या मुलीला मी त्याच अक्षरात कित्ता घालून देत असे. त्यांनी मान वर केली, मला एकदा पाहिलं.

"माझ्या दाराच्या आत घावली, तवा माझीच की."

सातारच्या तुरुंगात आठ महिने काढून ते परतले, डाव्या कानानं ऐकू येईनासं होऊन. गावानं त्यांना वेशीपासून वाजतगाजत आणलं. कालपर्यंत मागून टोमणे मारणारे म्हातारे 'आमचं पाळक' म्हणत पुढं चालत होते. असा माणूस आपल्या गावात आहे म्हणून माझीही छाती फुगली होती. हार मीही घातला. त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "पोरीचं अक्षर सुधारलं का वं, गुरुजी?"

आधी नोकरी आणि तुरुंगाच्या भीतीनं बोललो नाही. स्वातंत्र्य आल्यावर भीती गेली, मग लाज आडवी आली. माझी बदली सांगलीला झाली, आणि दोन वर्षांनी ते गेल्याचं पत्र आलं. त्यांनी कुणालाच काही सांगितलं नव्हतं.

सांगलीत कुणी त्यांना पाद्री म्हटलं, तर मी अजून ताठ मानेनं दुरुस्त करतो. तेवढं सोपं आहे. रविवारी त्यांच्या चर्चच्या दारात उभं राहून, सगळ्यांदेखत, ती पत्रकं माझी होती, हे सांगणं माझ्याकडून अजून राहिलं आहे.