भाऱ्याखालचं तोंड

मुंबईला चित्रकला शिकत होतो तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत रोज एक स्केच काढायचं, असा माझा नेम होता. कर्जतजवळच्या आमच्या गावात मी अशी हवा केली होती की मी काढलेल्या कोंबड्यावर म्हणे मांजर झेप घेतं. खरं सांगायचं तर मला माणसाचं तोंड काढता येत नव्हतं, आणि हे गावात कुणाला कळू द्यायचं नव्हतं.

भातकापणी चालू होती. काकी डोक्यावर भारा घेऊन खळ्याकडे निघाली होती.

"काकी, हलू नको," मी म्हणालो.

भारा राजमाचीच्या डोंगराएवढा, तरी ती थांबली. "नीट काड रं. माजा कुनी कदी फोटूपन काडला नाय."

ती तासभर तशीच उभी होती. मी कागदावर भाताच्या लोंब्या इतक्या खाली ओढल्या की तोंड झाकूनच गेलं.

वही बघून ती म्हणाली, "यात मी कुठं हाय रं?"

"भाऱ्याखाली."

"भारा झ्याक आलाय," म्हणाली आणि मान चोळत गेली. माझे कान अजून तापतात.

दुसऱ्या दिवशी ती वेणीफणी करून, ठसठशीत कुंकू लावून खळ्यावर आली. "आज भारा नाय घेतला," म्हणाली.

मी वहीतून मान वर केली नाही. "आज बैलाची पाळी हाय, काकी."

बैल मात्र मी तोंडासकट काढला. तो हलू नये म्हणून कासरा काकीनंच धरला होता.