अंतिम सामना पेणलाच!

उद्या जगबुडी व्हायची ठरली, तर ती रोह्याला न होता पेणला व्हावी म्हणून पहिला अर्ज माझे सासरे करतील, आणि खाली 'मंडप, पाणी व चहाची सोय आमच्याकडे' असंही लिहितील. कार्यक्रम कसला आहे याच्याशी त्यांना कधीच कर्तव्य नव्हतं; तो पेणला झाला म्हणजे झालं. नेत्रतपासणी शिबिर त्यांनी असंच ओढून पेणला आणलं आणि रुग्ण कमी पडले तेव्हा आळीतली धडधाकट डोळ्यांची माणसंही रांगेत उभी केली. आमच्या लग्नाच्या बोलणीत त्यांची एकच अट होती : "मुलगी रोह्याला देतो, पण लग्न पेणला." माझे वडील पक्के रोहेकर, ते अडून बसले. पण सासऱ्यांनी पोह्याच्या पापडांचा असा मारा केला, की त्यांचा होकार तोंडातल्या पापडासकट बाहेर पडला.

त्यामुळे जिल्ह्याच्या फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना कुठे घ्यायचा यात पेण आणि रोहा अशी दोनच नावं उरली, तेव्हाच आमच्या घराचं काय होणार हे मी ओळखलं. मी रोह्यात शिक्षक. रोह्याच्या बाजूची पत्रं लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. पेणच्या बाजूचं सगळंच सासऱ्यांकडे. त्यांनी आयुष्यात फुटबॉलचा एकही सामना पाहिला नव्हता. "ते अकरा म्हंतात ते एका बाजूचे, का दोन्ही मिळून?" हा प्रश्न त्यांनी मला, म्हणजे विरोधी पक्षाला, फोनवर विचारला, तोही जेवणाचा अंदाज यावा म्हणून. रोह्याविरुद्ध त्यांचा मुद्दा मात्र बिनतोड होता. "तुमच्याकडं अर्धं गाव कंपनीत शिफ्टला, अर्धं शिफ्ट करून झोपलेलं. सामना बघणार कोन?" शेवटी बायको वैतागली. "दोघं मिळून मधल्या निडीला घ्या सामना नि मिटवा एकदाचं!" त्यावर फोनमधून ताबडतोब हरकत आली : "निडी तर रोह्याच्या दारात गो! नागोठण्याच्या पुढं मी यायचा नाय."

स्पर्धा समितीचे तिघे पाहणीसाठी आधी रोह्याला आले. आम्ही त्यांना मैदान दाखवलं, हिरवं गवत दाखवलं, गोलपोस्टचा ताजा रंग दाखवला आणि एकेक कप चहा दिला. दुसऱ्या दिवशी पेणला सासऱ्यांनी मैदान सोडून सगळं दाखवलं. सकाळी पोहे, मग गणपतीचे चार कारखाने, प्रत्येक कारखान्यात सरबत, आणि दुपारी घरी जिताड्याचं कालवण नि तांदळाच्या भाकऱ्या. तिसऱ्या भाकरीनंतर समितीच्या अध्यक्षांनी क्षीण आवाजात मैदानाची चौकशी केली म्हणतात. "मैदान काय, सपाट हाय," सासरे म्हणाले, "तुमी भात घ्या." मग तिघांसाठी ओटीवर चटया अंथरल्या गेल्या. आठवड्याने निकाल लागला : अंतिम सामना पेणला. मला पहिला फोन सासऱ्यांचाच आला. "जावईबापू, मनाला लावून घेऊ नका. जेवायला या."

पण नियतीलाही विनोदाचं अंग असावं. उपांत्य फेरीत पेणचा संघ रोह्याकडून हरला आणि पेणच्या मैदानावर रोहा विरुद्ध अलिबाग असा सामना ठरला. "आपली पोरंच नायत, तर बघायचं काय?" असं म्हणून पेणकर घरीच बसले. दोनशे खुर्च्या मांडलेल्या, आणि त्यांवर रोह्याहून आलेले आम्ही तीसेकजण. सासरे भर उन्हात दारोदार फिरत होते. "अरे, पाहुने आलेत! निदान टाळ्या वाजवायला तरी चला!" तास गेला तेव्हा कुठे पन्नासएक माणसं जमली. खाडीकडची ती खारट जमीन, चेंडू टप्पा म्हणून घेत नव्हता. शेवटी कसाबसा एक गोल झाला, अलिबागचा. आम्ही हरलो. गोल झाला तेव्हा सासरे अलिबागच्या बसचा ड्रायव्हर जेवला की नाही, ते बघायला गेले होते.

उन्हं उतरल्यावर मांडववाला खुर्च्या टेम्पोत भरू लागला. सासरे गोलपोस्टजवळ एकटेच बसलेले दिसले. त्यांना चार शब्द सुनवायचे म्हणून मी गेलो, पण त्यांचा चेहरा बघून शेजारी खुर्ची ओढली.

"आमचं मूळ गाव मिठागरातलं," ते मैदानाकडे बघत म्हणाले. "भरती आली का वाट पान्याखाली. बहिनीला बघायला पाहुने आलेले, ते बांधावरनंच मागं फिरले. आयनं शेजारनं तांदूळ आनून भाकऱ्या केल्या होत्या. दोन दिस आमीच खाल्ल्या त्या."

"मग पुन्हा आले?"

"नाय."

 मग गोलपोस्टकडे बघत त्यांनी विचारलं, "जावईबापू, गोल होतो म्हंजे नक्की काय होतं ओ?"

मैदानात एक चेंडू पडला होता. मी त्यांना दोन खांबांच्या मध्ये उभं केलं. त्यांनी लेंगा वर खोचला, चपला काढून बाजूला नीट ठेवल्या. मी पायाने अगदी हलकेच चेंडू ढकलला. तो त्या खारट मातीवरून रडतखडत त्यांच्याकडे निघाला.

"हाताने अडवा!" मी ओरडलो.

सासरे वाकले, चेंडूकडे बघितलं आणि एक पाऊल बाजूला झाले.

"या," ते म्हणाले.