फ्रिजवरचे थर

माझ्या ताईचा नवरा कॉलेजात ऑपरेटिंग सिस्टीम शिकवतो. नात्यानं भावोजी, म्हणून 'ते' म्हणायचं; नाहीतर माणूस अरे-तुरेच्याच लायकीचा. सव्वीस वर्षं एकच आकृती. तळाला यंत्र, त्यावर कर्नेल म्हणजे सगळ्यांच्या मागण्या पुरवणारा गाभा, त्यावर प्रोग्राम आणि सगळ्यात वर वापरणारा माणूस. नियमही एकच: मधला थर ओलांडायचा नाही. प्रोग्रामला डिस्कवरचं काही हवं असेल तर कर्नेलकडे मागायचं, परस्पर हात घालायचा नाही.

यंत्रासाठी हे ठीक आहे. पण या उंटावरच्या शहाण्यानं ती आकृती फ्रिजवर चिकटवली आणि घराला लागू केली. मुलीनं आईला सांगायचं, आईनं यांना. कर्नेल अर्थातच हे! मुलीनं थेट काही विचारलं तर पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "थर चुकला." पोरगी तापानं फणफणली होती तेव्हाही हेच. मला त्यांची किळस यायची, आणि मुकाट निरोप वाहणाऱ्या ताईचाही राग यायचा.

यंदा भाचीला दुसऱ्या शहरातल्या कॉलेजात प्रवेश मिळाला. शुक्रवारी पाचच्या आत पालकाच्या सहीचा फॉर्म पोचला नाही तर जागा जाणार होती. सोमवारी तिनं तो बापापुढे ठेवला. थर चुकला! मंगळवारी ताईनं नेला, तर म्हणाले, "तुझं मत लेखी दे." तिनं बिचारीनं तेही दिलं. गुरुवारी फॉर्म तिथंच, वर चहाच्या कपाचा गोल डाग.

शुक्रवारी सकाळी मी तिकडे गेले. भाची रडून रडून थकली होती. ताईनं डाग पुसायला म्हणून फॉर्म उचलला आणि पहिल्यांदाच नीट वाचला. सहीच्या जागेखाली छापलं होतं, 'आई किंवा वडील'.

"अगं, चार दिवस आपण हे वाचलंच नाही!" ती म्हणाली, आणि उभ्याउभ्याच फ्रिजवर कागद टेकवून तिनं सही केली. आम्ही तिघी बसनं त्या कॉलेजात जाऊन पाचच्या आत फॉर्म देऊन आलो.

संध्याकाळी भावोजी ऐटीत म्हणाले, "आणा तो फॉर्म. करतो सही."

"दिला," ताई म्हणाली.

"मला न विचारता?"

"दोनदा विचारलं."

पेपर खाली आला. जन्मात पहिल्यांदा त्यांनी मुलीला सरळ विचारलं, "खरंच जाणार तू?"

भाचीनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"आई, त्यांना सांग, सोमवारी निघते."